जिन्यावरच्या रेघा आणि आयर्विन पुलाचे फूट

गेल्या अंकात या सदरात मी आमच्या सांगलीच्या, गावभागातल्या घराच्या जिन्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. जिन्याशेजारच्या भिंतीवर सासऱ्यांनी २००५ च्या पुराची रेघ कोळशानं ओढली. ती तिसऱ्या पायरीशी आहे. २०१९ ची रेघ मी ओढली, ती नवव्या पायरीशी. सासरे तेव्हा नव्हते, कोळसाही नव्हता, म्हणून खडू वापरला. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईच्या घरात दुसरं काही सापडो न सापडो, खडू सापडतो. एवढ्या चार ओळींवर पत्रांचं पेव फुटेल असं वाटलं नव्हतं. म्हणून या महिन्यात सगळी उत्तरं सांगलीचीच. बाकीच्यांनी रागावू नये, नाशिकविषयीच्या प्रश्नांचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : बाई, आमच्या मुलीला सांगलीचं स्थळ आलं आहे. मुलगा चांगला आहे, पण घर नदीच्या बाजूला आहे. पुराच्या बातम्यांत ‘५७ फूट पाणी’ वाचलं आणि आमच्या सौ. नी हायच खाल्ली. म्हणजे पाच मजले पाण्यात? आणि सांगलीत तर पाऊस बेताचाच पडतो म्हणतात. मग पूर येतो कुठून? (पुणे)

स्थळाचं तुमचं तुम्ही बघा, पाण्याचं मी सांगते.

आधी सौ. ना शांत करा. ५७ फूट म्हणजे रस्त्यावर ५७ फूट नव्हे. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. या पुलापाशी फुटांच्या खुणा आहेत आणि ते फूट मोजतात खालून, नदीच्या पात्रापासून. त्यातले पहिले चाळीसभर फूट नदीचे स्वतःचे. चाळीसला इशारा पातळी, पंचेचाळीसला धोक्याची. त्यापुढचे फूट मात्र आमच्या घरातले. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास.

गंमत अशी, की सांगलीत कुणाला ‘नदीपासून किती लांब राहता?’ असं विचारून काही कळत नाही. लांबी मोजायचीच नसते, उंची मोजायची असते. नदीला लागून असलेलं एखादं जुनं घर कोरडं राहतं आणि दीड किलोमीटरवरच्या नव्या कॉलनीत होडी फिरते. पाणी नेहमी समोरून काठ ओलांडून येतंच असं नाही. ते नाल्यातून उलटं चढतं, मागच्या दारानं. आमचा शेरीनाला त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. एरवी तो गावाचं सांडपाणी नदीला देतो (हेही लाजिरवाणंच), आणि पुरात नदीचं पाणी गावाला परत करतो. शिवाय पूर्वी गावाबाहेर सखल पट्टे होते, त्यांना इथं ‘ओत’ म्हणतात. नदी फुगली की पाणी ओतात जाऊन बसायचं, उतरली की निघून जायचं. त्या ओतांवर भराव पडले, प्लॉट पडले, गृहप्रवेश झाले. पाण्याला नवीन पत्ता कुणी कळवला नाही, ते जुन्याच पत्त्यावर येतं.

आता पाऊस. सांगलीत वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पडतो, म्हणजे तुमच्या पुण्यापेक्षाही कमी. पण कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथं त्याच्या दहापट पडतो. कराडच्या प्रीतिसंगमावर तिला कोयना येऊन मिळते. तिच्यामागे १०५ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफुटांचं) कोयना धरण. पुढे ब्रह्मनाळला येरळा मिळते. सांगली ओलांडली की लगेच हरिपूरला वारणा, आणि तिच्या मागेही चांदोलीचं ३४ टीएमसीचं धरण. आणखी खाली नरसोबावाडीला कोल्हापूरची पंचगंगा. म्हणजे आमच्याकडे पूर येतो तो दुसऱ्यांच्या पावसाचा. कित्येकदा सांगलीत लख्ख ऊन असतं, अंगणात पापड वाळत असतात आणि पाणी तासातासाला चढत असतं. कोयनेतून सोडलेलं पाणी दिवसा-दीड दिवसात पुलाखाली पोचतं.

वर्गात मी मुलांना वऱ्हाडाच्या जेवणाचं उदाहरण द्यायची. एका दारातून पंगत बाहेर पडतेय आणि त्याच दाराशी शेजारच्या मांडवाची पंगत येऊन थडकली, तर आतले आतच राहतात. वारणा भरून आली की हरिपूरच्या संगमावर कृष्णेचं तसंच होतं. पुढे पंचगंगा भरली असेल तर वारणाही अडते. वरून येणं चालू, खाली जाणं बंद. याला आम्ही ‘फूग’ म्हणतो. त्यात कराडनंतर नदीचा उतार फार सौम्य, वळणं फार. म्हणून पाणी डोंगरातल्या नदीसारखं धाडकन येऊन धाडकन जात नाही. सावकाश येतं आणि पाहुण्यासारखं राहतं. २०१९ ला आमच्या घरात ते आठवडाभर होतं.

तेव्हा मुलाच्या घरी जाल तेव्हा पत्रिकेच्या आधी एवढंच विचारा, ‘तुमच्याकडे पाणी किती फुटाला येतं?’ खरा सांगलीकर रागावणार नाही. ‘आमच्या दारात सेहेचाळीसला, घरात अठ्ठेचाळीसला’ असं तो घड्याळ बघितल्यासारखं सांगेल. विश्रामबागेच्या बाजूचा असेल तर ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणेल, थोड्या तोऱ्यात. तोरा सहन करायचा. आकडा सांगता आला नाही तर मात्र मुलगा नवखा आहे असं समजा. आणि वरचा मजला आहे की नाही ते बघून घ्या.

प्रश्न : सांगलीचं नाव ‘सहा गल्ल्यां’वरून पडलं असं आमचे सर म्हणतात. परीक्षेत लिहू का? (इयत्ता नववी, तासगाव)

लिही, सरांनी सांगितलंय तर मार्क मिळतील. पण मनात थोडी शंका ठेव. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली, अशी गोष्ट सगळेच सांगतात. काही जण जुन्या कानडी नावाकडे बोट दाखवतात, काही जण संगमाकडे. गावाचं नाव आधी पडतं आणि गोष्ट मागाहून जुळवली जाते, असं फार ठिकाणी झालेलं आहे. आणि बाळ, गल्ल्या मोजायला निघालास तर गावभागात सहावर थांबता येत नाही, मी प्रयत्न केलाय.

प्रश्न : माझं आजोळ सांगलीचं. लहानपणी संध्याकाळी आजोबांबरोबर गणपती मंदिरात आणि मग घाटावर जायचो. पटवर्धन राजांनी मुळात राजधानीच अशी नदीच्या कुशीत का वसवली? जवळच मिरज असताना? (डोंबिवली)

मिरज असतानाच नव्हे, मिरज होतं म्हणूनच!

मिरज फार जुनं. किल्ला, दर्गा, बाजारपेठ, सगळं बहमनी काळापासूनचं. आणि हुशारीनं वसलेलं. मिरजेलाही कृष्णा आहे, पण मूळ गाव नदीपासून दोन पावलं मागे, उंचावर. नदीवर जायचं तर कृष्णाघाटाला वाट वाकडी करून जावं लागतं. पेशवाईत ही जहागीर पटवर्धनांकडे आली. अठराव्या शतकाच्या शेवटी चिंतामणराव अप्पासाहेब वयात आले तेव्हा कारभार काकांच्या, गंगाधररावांच्या हातात होता. पुतण्या मोठा झाला की काकांना हात सोडवत नाही, हे कुठल्याही मराठी वाड्यातलं ठरलेलं नाट्य. १८०१ साली वाटणी झाली. मिरज काकांकडे राहिलं. अप्पासाहेब आपला हिस्सा आणि गणपती घेऊन बाहेर पडले आणि कृष्णाकाठच्या या लहानशा गावात आले. इथं त्यांनी गणेशदुर्ग बांधला, भोवती खंदक काढला आणि पेठा वसवल्या.

म्हणजे ‘का वसवली’चं उत्तर असं, की भांडून बाहेर पडलेल्या माणसाला मोक्याची उंच जागा शिल्लक नव्हती. हे माझं मत आहे, इतिहासाचे प्राध्यापक याहून भारदस्त कारणं सांगतील. पाणी, सुपीक जमीन, नदीच्या वाटा, ती कारणंही खरीच. पण मला दरवेळी वाटतं, की चुलत्या-पुतण्याचं जमलं असतं तर माझ्या जिन्यावर रेघा नसत्या.

मंदिराचं काम १८११ च्या सुमारास सुरू झालं आणि १८४४ साली पुरं झालं. काळा दगड जोतिबाच्या डोंगरावरून आणला असं सांगतात. तुम्ही लहानपणी भाद्रपदात गेला असाल तर ‘चोर गणपती’ आठवत असेल. चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता बसवतात म्हणून चोर. आमच्याकडे मुलांना अजूनही वाटतं, की तो काहीतरी चोरून आलाय. त्याच अप्पासाहेबांच्या आश्रयानं ५ नोव्हेंबर १८४३ ला इथं मराठी नाटकाचा पहिला खेळ झाला. म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. हे तुम्हाला डोंबिवलीत मी सांगायला नको.

आणि एक सांगा, घाटावर आजोबा तुम्हाला संध्याकाळीच का न्यायचे, याचा कधी विचार केलात? सांगली नदीच्या पूर्वेच्या काठावर आहे. आमचे घाट मावळतीला तोंड करून बसलेत. सूर्य पलीकडे सांगलवाडीच्या झाडांमागे, पाण्यावरून बुडतो. सकाळी घाटावर जाऊन बघा, नुसतं भांडी घासल्यासारखं वाटतं. सांगलीची नदी संध्याकाळची.

प्रश्न : सांगलीत रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ म्हटलं तर त्यानं ‘चौक का खरं स्टेशन?’ असं विचारलं. हे काय? (सोलापूर)

त्यानं बरोबर विचारलं. पूर्वी मिरजेहून एक फाटा सांगलीत गावात यायचा, त्याचं स्टेशन आजच्या स्टेशन चौकात होतं. पुढे मोठ्या रुळांचा मार्ग विश्रामबागेच्या बाजूनं गेला. गाडी गेली, चौकाचं नाव राहिलं. रिक्षावाल्याचे आभार माना, तुमची गाडी चुकली नाही.

प्रश्न : आमच्या आजोबांची गणपती पेठेत हळदीची अडत होती. ते हरिपूरच्या ‘पेवां’विषयी बोलायचे. जमिनीत खड्डा करून हळद ठेवायची म्हणजे कुजणार नाही का? आता ती पेवं बघायला मिळतील का? (नाशिक)

तुम्ही माझ्या माहेरचा विषय काढलात. आता उत्तर लांबणार.

हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याजोगं. वाटेवर दुतर्फा चिंचेची जुनी झाडं, शेवटी संगमेश्वराचं देऊळ, देवळाच्या खाली कृष्णा-वारणेचा संगम. श्रावणी सोमवारी जत्रा. आणि गावाच्या पोटात पेवं. पोटात म्हणजे अक्षरशः. आम्ही ज्या मैदानात लंगडी खेळायचो त्याच्या खाली कुणाची तरी लाखांची हळद झोपलेली असायची. वर दगड-मातीचा एक उंचवटा, झालं. परक्या माणसाला कळणारसुद्धा नाही.

पेव म्हणजे खड्डा म्हणू नका, जमिनीत पुरलेला रांजण म्हणा. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र फुगीर, पंधरा-वीस फूट खोल. हरिपूरची माती त्याला मानवते. ती चिकट आहे, घट्ट बसते, ढासळत नाही, आणि एरवी आत ओल झिरपत नाही. आत सगळीकडून शेणानं लिंपायचं, उसाचा वाळका पाला आणि चटया लावायच्या, त्यावर हळद. तोंडावर फरशी, वर माती, लिंपून बंद. हवा नाही म्हणून कीड नाही. किडीलाही श्वास लागतोच. कुजायला ओल लागते, तीही नाही. हळद दोन-चार वर्षं राहायची आणि रंगाला उलट चढायची. भाव पडला की पेव बंद, भाव चढला की पेव उघडं. तुमच्या आजोबांचा अर्धा धंदा या तोंडावरच्या मातीत असणार.

उघडायचा दिवस मोठा. वडील मला एकदा घेऊन गेले होते, तिसरीत असेन. माती बाजूला केली, फरशी सरकवली आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. मी पुढं पळाले, तर वडिलांनी वेणी धरून मागं ओढलं. आत कोंडलेला वायू असतो, घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही. बराच वेळ तोंड उघडं ठेवलं. मग दोरीला बांधून कंदील खाली सोडला. तो विझला. पुन्हा थांबले. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा जळत राहिला, आणि मगच एक माणूस उतरला. तो वर आला तेव्हा भुवयांपर्यंत पिवळा होता आणि आम्ही पोरं त्याला ‘नवरदेव, नवरदेव’ म्हणून चिडवत गावभर फिरलो. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मी पुढे वर्गात शिकवला तेव्हा पुस्तकातलं ‘एकदम पुष्कळ येणे’ हे वाचून दाखवलं खरं, पण माझ्या नाकात मात्र पेवातल्या हळदीचा वास होता.

२००५ च्या पुरानं हे संपवलं. पाणी हरिपुरात शिरलं, पेवांत उतरलं. ज्या खड्ड्यात हवा शिरू नये म्हणून एवढी काळजी घ्यायची, त्यात नदीच शिरली. हळदीचं नुकसान किती झालं त्याचे आकडे व्यापारी सांगतील, मी एवढंच सांगते, की पाणी ओसरल्यावर माहेरच्या गल्लीत लग्नघराचा वास नव्हता, कुजट वास होता. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. काही पेवं राहिली आहेत, तोंडाशी गवत उगवलेली. जाऊन गावात कुणा म्हाताऱ्याला विचारा, दाखवतील. एकटे फिरून शोधू नका, पाय अडकेल.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. ते कागद बघायला पेवात उतरणारी जुनी माणसं हवी होती.

प्रश्न : दरवर्षी जुलै आला की सांगलीचे लोक आमच्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडतात. आम्ही इथले मराठी, दोन्हीकडची बोलणी खातो. खरं काय ते एकदा सांगा. (विजापूर)

एकदा सांगून मिटेल असा हा विषय नाही, पण टाळणार नाही.

अलमट्टी कृष्णेवरच, आमच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात. त्याचा पूर्ण साठा सध्या ५१९.६० मीटर पातळीला होतो. कृष्णा पाणीतंटा लवादानं ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली आणि तेव्हापासून आमच्याकडे धास्ती आहे, की मागे फुगवटा येऊन सांगलीचं पाणी उतरायला आणखी वेळ लागेल. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनंच नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं २०२० च्या अहवालात पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पूरक्षेत्रातली अतिक्रमणं, यांकडे बोट दाखवलं. सांगलीतल्या बऱ्याच जणांना ते आजही पटलेलं नाही. त्यांत अभ्यासू माणसं आहेत, नुसती आरडाओरड करणारी नाहीत. उंची वाढली तर काय होईल, ही त्यांची चिंता मलाही आहे.

पण माझं म्हणणं विचाराल तर, अलमट्टीकडे बोट करताना आधी त्याच हाताची उरलेली बोटं बघावीत. निळी पूररेषा, लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवून बांधकामाला आवर घालणाऱ्या) कागदावर आखलेल्या असताना आत प्लॉट कुणी पाडले? विजापूरकरांनी नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला होडी उलटली, घरातून सुटका करून घ्यायला निघालेली माणसं बुडाली. त्या दिवसानंतर मला धरणांवरच्या चर्चा ऐकताना फार वेळ बसवत नाही.

तुम्ही दोन्हीकडची बोलणी खाता हे खरं. त्याला एक तोड आहे. पुढच्या वेळी कुणी बोललं तर विचारा, ‘२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते कुठलं?’ कृष्णेचंच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या नदीनं तीन वर्षांनी आमची घरं बुडवली तीच नदी, त्या उन्हाळ्यात, तीनशेहून अधिक किलोमीटर गाडीत बसून तहानलेल्यांकडे जात होती. आणि आमच्याच जिल्ह्यातले जत, आटपाडीचे लोक टँकरची वाट बघत होते. एका जिल्ह्यात पश्चिमेला होडी आणि पूर्वेला टँकर. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांनी पाणी उचलून पूर्वेला न्यायचं काम बरंच झालं, तरी हा फरक पुसला गेलेला नाही.

प्रश्न : १९४३ साली वसंतदादांनी सांगलीचा तुरुंग फोडला तेव्हा कृष्णेला पूर होता म्हणतात. माझे वडील हा प्रसंग रंगवून सांगत. खरंच पूर होता का, की वडिलांची भर? (इस्लामपूर)

वडिलांवर विश्वास ठेवा. २४ जुलै १९४३ ची गोष्ट. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णा भरलेली नसेल तरच नवल. तुरुंग गणेशदुर्गात होता, चिंतामणरावांनी काढलेल्या त्याच खंदकाच्या आत. दादा आणि त्यांचे साथीदार दिवसाढवळ्या पहारेकऱ्यांवर मात करून तटावरून खंदकात उड्या टाकून निघाले, नदीकडे. मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात हुतात्मा झाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे हाच माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला.

यात भूगोलाच्या बाईला दिसतं ते असं : त्यांचं पद्माळे गाव याच काठावरचं. नदीकाठच्या पोराला पळायची दिशा विचारावी लागत नाही. पूर आहे म्हणून पोलीस काठावर थांबतील आणि आपण पलीकडे जाऊ, हा हिशेब शहरातल्या माणसाला सुचला नसता. वडिलांनी भोपळ्याची सांगड बांधून पोहल्याचंही सांगितलं असेल, तर तेवढी मात्र भर समजा.

प्रश्न : कृष्णेत खरंच मगरी आहेत? (ठाणे)

आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या बाजूला काठावर ऊन खाताना दिसतात. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाल तेव्हा पाय धुवायला स्थानिक लोक दाखवतील त्याच पायरीवर उतरा.

प्रश्न : कृष्णाकाठची वांगी म्हणून आमच्या मंडईत मिळतात ती सांगलीसारखी लागत नाहीत. बी पाठवाल का? गच्चीवर लावीन म्हणते. (सातारा रस्ता, पुणे)

बी पाठवते, पण ताई, अपेक्षा बेताची ठेवा. हे वांगं नदीकाठच्या मळीत होतं. पूर उतरताना जो गाळ काठावर बसतो ती मळी. काळी, मऊ, लोण्यासारखी. पुराच्या वर्षी आम्ही घरातला गाळ खराट्यानं लोटतो, शिव्या देत, आणि त्याच गाळात हिवाळ्यात आलेली वांगी कौतुकानं खातो. २०१९ ला आमच्या स्वयंपाकघरातून किती घमेली चिखल निघाला ते मोजायचं सोडून दिलं. जाऊबाईंनी त्यातली चार घमेली परसात टाकली, माझा विरोध असताना. जानेवारीत त्या वाफ्यातल्या वांग्यांचं भरीत झालं. मी दोनदा वाढून घेतलं, पण बोलले काही नाही.

गच्चीसाठी : मोठी कुंडी घ्या, तळ्याचा किंवा नदीचा गाळ मिळाला तर निम्मा, उरलेलं शेणखत. पाणी बेतानं. वांगी फार मोठी होऊ देऊ नका, कोवळी असतानाच काढा. भरली वांगी करायची तर देठ ठेवून चार चिरा, आत दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, कांदा-लसूण चटणी. ती चटणी बाजारची घेऊ नका, तिखटात साखर लागते. भरताला चुलीची आच हवी, गॅसवर भाजलंत तर निदान तेल आधी लावू नका, सालीचा वास उतरत नाही.

बी पाकिटात घालून ठेवलं आहे. पत्ता पूर्ण लिहा, पिनकोडचा शेवटचा आकडा तुमच्या पत्रात शाईनं फिसकटला आहे.